कळेमागचे अक्षर

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या नाशिकच्या घरातला संगणक एकाएकी बहिरा झाला. बहिरा हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. तो मुका झालेला नव्हता. चांगला बोलत होता. पडद्यावर भराभर ओळी उमटवून त्याने आपली सगळी कुंडली सांगितली, आणि शेवटी दारात आलेल्या पाहुण्याला विचारावे तसे माझे नाव विचारून तो थांबला. मी नाव लिहू लागलो. काही उमटेना. कळा हळू दाबून पाहिल्या, जोरात दाबून पाहिल्या. कळफलक उलटा करून झटकला, तेव्हा त्यातून मागच्या दिवाळीच्या चिवड्यातला एक पोहा तेवढा खाली पडला. संगणक आपला शांतपणे माझ्या नावाची वाट पाहत उभा.

हा पराक्रम माझ्या पुतण्याचा. तो पुण्याला संगणकाचे शिक्षण घेतो आणि सुट्टीला आमच्याकडे येतो. आल्या आल्या माझे जुने यंत्र पाहून म्हणाला, "काका, हे टाकून देऊ नका. मी यावर लिनक्स घालून देतो, आणि कर्नल स्वतः बांधतो. नको ते सगळं काढलं की बघा कसं पळेल."

हा कर्नल लष्करातला नव्हे. बदाम फोडल्यावर आत जो गर निघतो त्याला इंग्रजीत याच उच्चाराचा शब्द आहे. संगणकाच्या साऱ्या आज्ञावलींच्या पोटात जी मूळ आज्ञावली असते तिला हे नाव. आपण तिला गाभा म्हणू. स्मृती, तबकडी, पडदा, कळफलक यांच्याशी प्रत्यक्ष व्यवहार फक्त हिचा. बाकीच्यांनी काय हवे-नको ते हिच्याकडे मागायचे. एकत्र कुटुंबात कोठीच्या किल्ल्या जिच्या कमरेला असत त्या आजीचे जे स्थान, तेच संगणकात या गाभ्याचे.

लिनक्सचा गाभा कोणालाही उघडून पाहता येतो, आणि आपल्या यंत्रापुरता बेतूनही घेता येतो. त्यासाठी एक लांबलचक यादी पडद्यावर येते. तीत हजारो बाबी असतात, आणि बहुतेक बाबींना तीन उत्तरे: गाभ्यातच हवे, वेगळे ठेवून लागेल तेव्हा जोडावे, किंवा मुळीच नको. लग्नाच्या खरेदीची यादी जिने केली असेल तिला हे काम काय असते ते सांगायला नको. या यादीत 'इनपुट डिव्हाइस सपोर्ट' नावाचे एक प्रकरण आहे. माणसाचा हात यंत्राला जिथे जिथे लागतो त्या सगळ्या उपकरणांची सोय त्यात करायची: कळफलक, माऊस, मुलांच्या खेळाची दांडी, चित्रकाराची पाटी, स्पर्शाने चालणारा पडदा. पुतण्याने 'कळफलक' या ओळीला होकार दिला होता. पण त्या ओळीखाली मुख्यतः जुन्या गोल खुंटीने जोडायचे कळफलक येतात. माझा कळफलक यूएसबीच्या चपट्या खुंटीचा. त्याची व्यवस्था यादीत दुसरीकडे, 'एचआयडी' या प्रकरणात, आणि तिथे चिरंजीवांनी घाईघाईत काट मारलेली. म्हणून गाभा जागा झाला, पण त्याला कान नव्हते.

सुदैवाने जुना गाभा त्याने पुसला नव्हता. यंत्र सुरू होताना कोणता गाभा हवा ते विचारणारी एक छोटी यादी येते, आणि गंमत अशी की त्या यादीपुरता माझा कळफलक व्यवस्थित चालत होता. कारण तोवर गाभा जागाच झालेला नसतो, यंत्राच्या पाटावर कायमच्या बसवलेल्या आज्ञावलीचे राज्य असते. जुना गाभा निवडला, नव्याची यादी पुन्हा भरली, आणि रात्रीच्या जेवणाच्या आत यंत्राला ऐकू येऊ लागले.

जेवताना मी त्याला म्हटले, "अरे, पण आता मला यावर 'क' कसा काढायचा तेवढे सांग."

तो हसला. "काका, की-बोर्डवर 'क' नसतोच."

"मग काय असते?"

"नंबर. तुम्ही बटण दाबलं की फक्त एक नंबर जातो. तो 'क' आहे हे नंतर दुसरं कोणीतरी ठरवतं."

त्याने हे वाक्य पुरणपोळीवर तूप वाढून घेता घेता सहज उच्चारले. माझ्या मात्र घास हातात राहिला. तरुणपणी टंकलेखनाच्या वर्गात जाऊन मी बोटे झिजवली आहेत. तिथे 'क' ची कळ म्हणजे 'क' चीच कळ होती. तिच्या टोकाला पोलादात कोरलेला 'क' होता, आणि तो फितीवर आपटून कागदावर उमटत असे. कळ आणि अक्षर यांची ही गाठ कधी सुटली, कोणी सोडवली, आणि सुटली म्हणून आपल्या मराठीचे काय झाले, हा विचार त्या रात्री जो डोक्यात शिरला तो वर्षभर निघाला नाही. त्याचा मागोवा मी एका शब्दाच्या आधाराने घेतला. तो शब्द म्हणजे आमच्या गावाचे नाव.

---

गावाचे नाव कोरलेले पाहायचे तर फार लांब जावे लागत नाही. गावाच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगरात पांडवलेणी आहेत, लहानमोठी चोवीस. त्यांतल्या एकोणिसाव्या लेण्यात एक छोटा लेख आहे. सातवाहन कुळातल्या कण्ह राजाच्या काळी नाशिकच्या एका महामात्राने हे लेणे करविले, असा त्याचा आशय. इसवी सनाच्या आधीचा हा लेख. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. आपल्या देवनागरीची ही ब्राह्मी पणजी. छिन्नी हे तेव्हाचे लेखनसाधन, आणि दगड हा कागद.

त्या लिपीतली एक गोष्ट या कथेच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ब्राह्मीत ऱ्हस्व इकाराची खूण अक्षराच्या डोक्यावर लागत असे. आज आपण 'शि' लिहिताना वेलांटी डावीकडे, 'श' च्या आधी काढतो. पण उच्चारताना 'श' आधी येतो आणि 'इ' मागून. हाताने लिहिणाऱ्याला याचा त्रास नाही. बोरू पुढेही जातो आणि मागेही येतो. शतकानुशतके अक्षराच्या डोक्यावरची खूण वळत वळत डावीकडे उतरली, आणि कोणाची तक्रार आली नाही.

तक्रार आली ती खिळ्यांची छपाई आल्यावर. विल्यम कॅरेचे मराठी व्याकरण 1805 साली श्रीरामपूरला देवनागरी खिळ्यांत छापले गेले. मुंबईत जावजी दादाजींनी 1869 साली निर्णयसागर छापखाना काढला, आणि राणोजी रावजी आरू यांच्या हातून जे खिळे तिथे घडले त्यांचे सौंदर्य आजही जुन्या पोथ्यांत पाहावे. पण सौंदर्याची किंमत जुळारी मोजत होता. इंग्रजी जुळाऱ्यापुढे अक्षरांची जेवढी घरे, त्याच्या कितीतरी पट देवनागरी जुळाऱ्यापुढे. मूळ अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, वेगवेगळ्या जागी बसणाऱ्या मात्रा, असे शेकडो खिळे. लोकमान्य टिळकांसारखा माणूस राजकारणाच्या धबडग्यात खिळ्यांची संख्या कशी कमी करता येईल याचा काथ्याकूट करीत बसे, तो हौस म्हणून नव्हे. 'केसरी' वेळेवर निघायला हवा होता.

टंकयंत्राने तर ही अडचण चव्हाट्यावर आणली. अमेरिकेत रेमिंग्टनचे टंकयंत्र 1870 नंतरच्या दशकात बाजारात आले. ते इंग्रजीसाठी जन्मले. सव्वीस अक्षरे, लहान आणि मोठी. कळा 44 ते 46, प्रत्येकीच्या दांडीवर दोन ठसे. म्हणजे सगळे मिळून नव्वदच्या आसपास. एवढ्या घरांत देवनागरीचे कुटुंब बसवायचे. मग काय केले? अक्षरे मोडली. 'श' चा काना काढून अर्धा 'श' ठेवला, 'ख' अर्धा ठेवला, 'ण' अर्धा ठेवला, आणि एक काना सगळ्यांना सामाईक केला. अनुस्वार, उकार, मात्रा यांच्या कळा अशा केल्या की त्या दाबल्या तरी गाडी पुढे सरकायची नाही, म्हणजे खूण त्याच जागी वर किंवा खाली पडावी.

अशा यंत्रावर 'नाशिक' कसे लिहीत? न, काना, मग वेलांटी, मग अर्धा श, मग त्या श ला पूर्ण करणारा काना, मग क. सहा ठोके. पहिला काना 'ना' तला आकार, दुसरा काना निव्वळ टेकू; पण यंत्राच्या दृष्टीने दोघेही एकच काठी. आणि वेलांटी 'श' च्या आधी, कारण यंत्राची गाडी एकाच दिशेने जाते, तिला बोरूसारखे मागे वळता येत नाही. आम्ही विद्यार्थी तोंडाने 'शि' म्हणत असू आणि बोटे 'इ' आधी मारीत. सवयीने ते अंगवळणी पडले. 1955 साली गोदरेजने स्वदेशी बनावटीचे टंकयंत्र काढले तेव्हा यंत्र आपल्या देशात घडू लागले; तरी कळा तेवढ्याच राहिल्या.

यंत्र बदलत नाही तर लिपीने बदलावे, असे म्हणणाराही मोठा वर्ग होता. त्यातला सर्वांत आग्रही आवाज आमच्याच जिल्ह्यातला. नाशिकजवळच्या भगूरला 1883 साली जन्मलेले विनायक दामोदर सावरकर 1924 ते 1937 या काळात रत्नागिरीस स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी लिपिशुद्धीची चळवळ चालविली. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही निराळी अक्षरे कशाला? 'अ' लाच वेलांट्या, उकार, मात्रा लावा: अि, अी, अु, अू, अे, अै. खिळे वाचतील, टंकयंत्राच्या कळा वाचतील. पुष्कळ पुस्तके आणि मासिके या 'अ' च्या बाराखडीत छापलीही गेली. विनोबांच्या लोकनागरीतही हीच दृष्टी होती. जुन्या वाचकांनी ती पाने पाहिली असतील. पुढे 1953 साली लखनौला लिपिसुधारणेची परिषद भरली. तिने ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे नेऊन तिचा दांडा आखूड करावा असे ठरविले. लोकांनी ती वेलांटी स्वीकारली नाही, आणि काही वर्षांतच ती मागे घ्यावी लागली.

या साऱ्या मंडळींची बुद्धी आणि तळमळ वादातीत आहे. सावरकर, विनोबा यांच्यासारखी एकमेकांपासून कोसभर दूर असलेली माणसे या एका प्रश्नावर जवळ आली, यातच प्रश्न किती खरा होता ते दिसते. परंतु त्या सर्वांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, आणि त्या काळी ती गृहीत धरण्यावाचून गत्यंतर नव्हते. ती अशी, की कळ आणि अक्षर हे एकाच धातूचे असणार. जितक्या कळा तितकीच अक्षरे. तेव्हा लिपीने अंग चोरून बसायचे.

---

संगणक आला तेव्हा ही गाठ सुटायला हवी होती. पण पहिल्या पिढीत आपण ती नुसती दिसेनाशी केली. याचा चटका मला स्वतःला बसलेला आहे.

1998 च्या सुमारास मी नाशिकचे घाट, वाडे, कुंडे यांविषयीची माझी टिपणे एका ओळखीच्या दुकानात संगणकावर चढवून घेतली. पडद्यावर सुरेख मराठी दिसे. दहाबारा वर्षांनी ती तबकडी दुसऱ्या यंत्रात घातली, तर मराठीचे एक अक्षर नाही. नुसता रोमन अक्षरांचा कचरा. 'नाशिक' च्या जागी काय होते? यू, के, एफ, एक अवतरणचिन्ह, के, डी. मला वाटले रोग लागला. पुतण्याने पुढे उलगडा केला तेव्हा कळले, की रोग पहिल्या दिवसापासूनच होता. त्या पद्धतीत संगणकाला मराठी येतच नव्हती. तो इंग्रजी अक्षरेच साठवीत होता. फाँटाने फक्त 'यू' या अक्षराचा चेहरा 'न' सारखा, 'के' चा चेहरा कान्यासारखा रंगविला होता. सोंगाड्याने मुखवटा काढला आणि आत इंग्रज निघाला! वरच्या सहा खुणा मोजून पाहा: न, काना, वेलांटी, अर्धा श, काना, क. जुन्या टंकयंत्राचे तेच सहा ठोके, त्याच क्रमाने. 'के' दोनदा आला आहे तो त्या सामाईक कान्यासाठी. यंत्र गेले, पोलाद गेले, पण पोलादाची अडचण तेवढी आम्ही जपून नव्या घरात आणली.

खरा मार्ग त्याआधीच निघालेला होता. कानपूरच्या आयआयटीत 1980 नंतरच्या दशकात भारतीय लिप्यांसाठी जे काम झाले ते पुढे 1988 साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेत आले. त्याच सुमारास केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने इन्स्क्रिप्ट नावाची कळफलकाची रचना ठरविली, आणि 1991 साली भारतीय मानक ब्यूरोने अक्षरांचे क्रमांक आणि ही रचना दोन्ही मानक म्हणून प्रसिद्ध केली.

इन्स्क्रिप्टची रचना बाराखडी शिकलेल्या कोणालाही आवडावी अशी आहे. स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळेवर, ग आणि घ एकाच कळेवर, त आणि थ, द आणि ध तसेच. साधे दाबले तर अल्पप्राण, शिफ्टसह दाबले तर महाप्राण. पाणिनीच्या देशात कळफलक असाच हवा! आणि जिथे आपल्याला 'क' मिळतो, त्याच कळेवर बंगाल्याला बंगाली 'क' मिळतो, गुजरात्याला गुजराती, तमिळ माणसाला तमिळ. कारण या सगळ्या लिप्या पांडवलेण्यांतल्या त्या ब्राह्मीच्या नाती-पणत्या. मुख्य गोष्ट अशी, की यात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने लिहायची. 'शि' साठी आधी श, मग वेलांटी. ती डावीकडे नेऊन बसविण्याचे काम यंत्राचे. अर्धे अक्षर वेगळे ठेवण्याचीही गरज नाही. पाय मोडण्याची एकच कळ सगळ्यांना पुरते.

लखनौच्या परिषदेला जी वेलांटी उजवीकडे न्यावी लागली, ती कोणाच्या डोळ्यांना न खुपता बोटांपुरती उजवीकडे गेली. डोळ्यांना ती आपल्या जुन्या जागीच दिसते.

हे घडू शकले ते एवढ्याचसाठी, की कळेवर आता अक्षर नव्हते. पुतण्याचे पुरणपोळीवरचे वाक्य ते हेच.

---

पण गाभ्यालाही हे पहिल्यापासून ठाऊक नव्हते. त्याचीही गोष्ट ऐकण्याजोगी आहे.

लिनक्सचा जन्म 1991 सालचा. हेलसिंकी विद्यापीठातला लिनस टोरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी. त्याने 25 ऑगस्ट 1991 रोजी आपला उद्योग जगाला कळविला. त्या वर्षाअखेरच्या आवृत्तीत कळफलक कोणता ते गाभा बांधतानाच ठरवावे लागे. पर्याय चार: फिनलंडचा, अमेरिकेचा, जर्मनीचा, फ्रान्सचा. आधीच निवडून ठेवलेला होता तो फिनलंडचा. बाकीच्या कोणाला आपला हवा असेल तर त्याने ती ओळ बदलून गाभा पुन्हा बांधायचा. म्हणजे टंकयंत्राचीच तऱ्हा. अक्षर पोलादाऐवजी आज्ञावलीत कोरलेले, एवढाच फरक.

यात रागावण्यासारखे काही नाही. घरात बसून घरच्या कळफलकावर काम करणारा मुलगा पहिल्याने घरचीच अक्षरे घालणार. पण जो यंत्र बांधतो त्याची अक्षरे आधी येतात, बाकीच्यांनी आपली सोय मागून घ्यायची, ही रीत रेमिंग्टनपासून हेलसिंकीपर्यंत सारखीच दिसते.

पुढे अक्षरांचा तक्ता गाभ्याबाहेरून बदलता येऊ लागला. आणि मग एक मोलाचे काम झाले ते मुलांच्या खेळापासून. वॉयटेक पाव्लिक नावाचा एक चेक तरुण लिनक्समध्ये खेळाच्या दांड्या चालविण्याची व्यवस्था करीत होता. दांड्या नाना तऱ्हेच्या, प्रत्येकीची बोली निराळी. तेव्हा सगळ्यांचे बोलणे एका भाषेत आणणारा एक थर मध्ये असावा, हा विचार त्यातून वाढला. डिसेंबर 2003 मध्ये 2.6 ही आवृत्ती निघाली तेव्हा कळफलक आणि माऊस हेही सारे याच थराखाली आले. माझ्या पुतण्याने ज्या प्रकरणात घोळ घातला ते हेच प्रकरण.

या थराचे काम एका उदाहरणाने सांगतो. इंग्रजी 'के' अक्षर छापलेली कळ घ्या. माझा यूएसबी कळफलक तिला 14 म्हणतो. जुन्या गोल खुंटीचा कळफलक तिला वेगळाच आकडा देतो. गाभा या दोघांचे ऐकून घेतो आणि वरच्या मजल्यावर एकच निरोप धाडतो: अमुक वेळी 37 क्रमांकाची कळ खाली गेली. बोट उचलले की दुसरा निरोप: 37 क्रमांकाची कळ वर आली. हा 37 आकडा 1981 सालच्या आयबीएमच्या घरगुती संगणकापासून चालत आला आहे. त्याचा इंग्रजी 'के' शी संबंध नाही आणि मराठी 'क' शीही नाही. गाभा अक्षरशत्रू आहे म्हणा ना! त्याला एकही लिपी येत नाही, आणि म्हणूनच तो कोणत्याही लिपीशी दुजाभाव करीत नाही.

37 म्हणजे काय, हे वरच्या मजल्यावर एक तक्ता पाहून ठरते. तक्ता इंग्रजीचा असेल तर 'के'. इन्स्क्रिप्टचा असेल तर 'क'. मग त्या 'क' ला त्याचा स्वतःचा कायमचा क्रमांक मिळतो: 2325. हा युनिकोड नावाच्या जागतिक यादीतला. 1991 साली तिची पहिली आवृत्ती निघाली आणि भारतीय मानकाच्या आधारे देवनागरीला तीत 128 घरे मिळाली. हा क्रमांक दुसऱ्या कोणत्याही लिपीतल्या कोणत्याही अक्षराचा नाही. इथे मुखवटा नाही. नाशिकमध्ये लिहिलेला 'क' टोकियोतल्या यंत्रातही 'क' च राहतो.

तेव्हा आता 'नाशिक' लिहायचे तर गाभ्याला ऐकू जाते ते असे: 47, 18, शिफ्टच्या 42 सह 50, मग 33, मग 37. न, काना, श, वेलांटी, क. पाच अक्षरखुणा, बोलण्याच्या क्रमाने.

सगळे यथासांग झाले असे मात्र समजू नये. घर बांधताना आपण हजर नसलो तर आपल्या गरजेची खुंटी भिंतीवर राहून जाते. 'ॲ' हे अक्षर पाहा. 'ॲड' किंवा 'ॲप' लिहायला मराठीला ते रोज लागते. पण जागतिक यादीत त्याला स्वतःचे घर मिळाले 2008 साली, म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर सतरा वर्षांनी. तोवर आम्ही 'अ' वर अर्धचंद्र चढवून काम भागवीत होतो. पाहिलेत ना? सावरकरांची 'अ' ची बाराखडी मागच्या दाराने परत आली होती! 'वाऱ्या'तला आणि 'तऱ्हे'तला तो आडवा र मात्र सुदैवाने इन्स्क्रिप्टच्या रचनाकारांनी विसरला नाही. 'र' च्याच कळेवर शिफ्टसह 'ऱ' ठेवला आहे. हिंदीला त्याचे काही काम नाही. मराठी माणसाला मात्र त्याचे काम आहे.

---

माझी ती टिपणे? ती परत मिळाली, पण फुकट नव्हे. जुन्या मुखवट्यांची नव्या क्रमांकांत अदलाबदल करणारी आज्ञावली पुतण्याने चालविली. पुष्कळ मजकूर नीट आला. पण वेलांट्या कुठे कुठे शेजारच्या घरात गेल्या आणि 'ऱ' तर सगळेच वाहून गेले. 'पायऱ्या' दिसे तिथे 'पायया' झाले. घाटांवरची टिपणे, म्हणजे पायऱ्या ओळीओळीला! तेव्हा एकेक पान घेऊन बसलो आहे. रोज सकाळी चहा झाल्यावर दोन पाने. टंकयंत्राच्या सवयीने बोट अजून वेलांटीकडे आधी धावते. मग मी तोंडाने मोठ्याने 'शि' म्हणतो आणि त्या क्रमाने कळा दाबतो. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून विचारते, "कोणाला बोलावता आहात?"

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पुतण्या पुण्याला परत निघाला. जाताना म्हणाला, "काका, कर्नलची ती यादी मी सेव्ह करून ठेवली आहे. आता पुढे काही बदलू नका."

मी म्हटले, "अरे, त्यात कळफलक आहे ना?"

"दोन्ही प्रकरणांत हो म्हटलंय."

ते काय ते त्याला ठाऊक. मी दुपारी सहज पांडवलेण्यांवर जाऊन आलो. आता चढताना दम लागतो. एकोणिसाव्या लेण्यापाशी बसलो, आणि ज्याने तो लेख कोरला त्याला गाभा, तक्ता, क्रमांक यांतले काही लागले नाही याचा थोडा हेवा वाटला. पण त्याचे अक्षर एकाच दगडावर राहिले. घरी आल्यावर त्या दिवशीची दोन पाने पुरी केली. रामकुंडाच्या पायऱ्यांचे टिपण होते. बेचाळीस 'ऱ' घालावे लागले.